सन १९०७ ची दोन पुस्तके

सन १९०७ मध्ये दोन पुस्तके छापून निघाली. एक लंडनला आणि दुसरे मंगळूरला. त्यांचा एकमेकांशी काही संबंध होता असे कोणीही म्हणणार नाही. लंडनचे पुस्तक म्हणजे रॉबर्ट ह्यू बेन्सन या कॅथलिक धर्मगुरूने लिहिलेली ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ ही इंग्रजी कादंबरी. मंगळूरचे पुस्तक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली आवृत्ती. एका पुस्तकात येणाऱ्या काळाविषयीची भीती आहे, तर दुसरे तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी ओव्यांचे. दोन्ही पुस्तकांचे कर्ते मात्र इंग्लंडात जन्मलेले कॅथलिक पाद्री होते. निवृत्तीनंतरच्या वाचनात ही दोन्ही पुस्तके आमच्या हाती लागोपाठ आली, आणि त्यांच्या मधल्या जागेत आमच्या घाटाखालचा गोवा आणि घाटावरचा आमचा सीमाभाग उभा आहे असे आम्हांस दिसू लागले. प्रस्तुत लेख त्या दिसण्याचा आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. सुखी, सुव्यवस्थित, निर्दोष समाजाचे चित्र रंगविणाऱ्या लेखनास पाश्चात्त्य वाङ्मयात ‘युटोपिया’ म्हणतात. टॉमस मोर याने १५१६ साली आपल्या पुस्तकाला दिलेले हे नाव पुढे त्या सबंध प्रकारालाच चिकटले. याच्या उलट, वरकरणी सुव्यवस्थित परंतु आतून माणसाचा श्वास कोंडणाऱ्या समाजाचे जे चित्र, त्याला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. आम्ही त्यास दुःस्वप्नलोक म्हणू. या प्रकारातील जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) आणि ऑल्डस हक्स्ली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) ही नावे आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतात. त्यांच्याआधी येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने ‘वी’ ही कादंबरी १९२०–२१ च्या सुमारास लिहिली; रशियात ती छापू दिली गेली नाही, म्हणून १९२४ साली ती इंग्रजी भाषांतरात प्रथम प्रसिद्ध झाली. बेन्सन यांचे पुस्तक या सर्वांच्या आधीचे. तरीही वाङ्मयेतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते एका धर्मगुरूचे आहे, म्हणजे प्रचारकी असणार, हा समज त्याला कारण असावा.

हा समज अर्धाच खरा आहे. कादंबरीचा जन्मच धर्माच्या वादात होणे ही आपल्याला तरी नवलाची गोष्ट नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी हे बेळगावात जन्मलेले, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले गृहस्थ होते, आणि त्यांचा हेतू उघडपणे धर्म व समाज यांच्या सुधारणेचा होता. हेतू असल्याने पुस्तक टाकाऊ ठरत नाही. हेतूपलीकडचे काही त्यात शिरले आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

बेन्सन यांचा जन्म १८७१ चा. वडील एडवर्ड व्हाइट बेन्सन हे १८८३ पासून मृत्यूपर्यंत कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्माधिकारी. त्यांनीच १८९५ साली मुलाला अँग्लिकन धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच मुलाने १९०३ मध्ये रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला आणि पुढच्या वर्षी रोममध्ये कॅथलिक धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. इंग्लंडात या घटनेने केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना आपल्याकडील एखाद्या मठाधिपतीच्या घरातील मुलाने पंथ बदलल्याचे चित्र मनाशी आणल्यास येईल. उणेपुरे बेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेला हा माणूस १९१४ साली वारला.

तो काळ युरोपात कॅथलिक चर्चला कठीण होता. फ्रान्सने १९०५ साली कायदा करून राज्य आणि चर्च यांची फारकत केली होती. ऑग्यूस्त काँत यांनी मागच्या शतकात ‘मानवतेचा धर्म’ मांडला होता. देवाच्या जागी मानवजात ठेवून तिचीच उपासना करावी, असा त्याचा आशय. एच. जी. वेल्स यांनी १९०५ मध्येच ‘ए मॉडर्न युटोपिया’ लिहून शास्त्रीय बुद्धीने चालणाऱ्या जागतिक राज्याचे मोहक चित्र उभे केले होते. हे सर्व पूर्णत्वास गेले तर पुढे काय होईल, हा प्रश्न बेन्सन यांनी स्वतःस विचारला, आणि उत्तर म्हणून ही कादंबरी लिहिली.

कथा लेखकाच्या काळापासून सुमारे शंभर वर्षांनंतर घडते. जग युरोप, अमेरिका आणि पूर्व अशा तीन सत्तांत वाटले गेले आहे. आकाशातून विमाने ये-जा करतात, एस्पेरांतो ही सर्वांची सामाईक भाषा आहे आणि कायद्याने दयामरणाची सोय केलेली आहे. पूर्व आणि पश्चिम यांच्यात महायुद्ध भडकण्याच्या बेतात असताना ज्युलियन फेल्सनबर्ग नावाचा एक अनोळखी अमेरिकन पुढे येतो, वाटाघाटी करतो आणि युद्ध टळते. कृतज्ञ जग त्याच्या पायाशी लोटते. तो युरोपचा अध्यक्ष होतो आणि हळूहळू सगळ्या जगाचा स्वामी. मग मानवतेच्या उपासनेचे सण ठरतात, ती उपासना सक्तीची होते आणि शेवटी असा कायदा येतो की, प्रत्येक माणसाला देव मानतोस काय असे विचारावे आणि जो मानतो असे सांगेल त्याला मृत्युदंड द्यावा. पर्सी फ्रँकलिन हा लंडनमधील साधा धर्मगुरू या उलथापालथीत अखेरचा पोप होतो आणि नाझरेथ गावी लपून राहतो. तेथेच कादंबरीचा आणि जगाचाही शेवट होतो.

आमच्या मते या पुस्तकाचे बळ फेल्सनबर्गच्या दुष्टपणात नाही, कारण तो दुष्ट असा दाखविलेलाच नाही. त्याने खरोखरच युद्ध थांबविलेले आहे. त्याच्या राज्यात गरिबी नाही. त्याचे अनुयायी चांगली माणसे आहेत. त्यांपैकी मेबल ही एका खासदाराची पत्नी आम्हांस विशेष लक्षात राहिली. नव्या धर्मावर तिची नितांत श्रद्धा आहे. या पंथाने जगातील क्रौर्य संपविले, अशी तिची खात्री आहे. काही कॅथलिक माणसे स्फोटके लावून उपासनामंदिर उडवून देण्याचा कट करतात. तो उघडकीस येतो आणि सूड म्हणून विमानांचा ताफा जाऊन सबंध रोम शहर बेचिराख करतो. रस्त्यांवर कॅथलिकांची कत्तल होते. मेबलला हे सहन होत नाही. हे आपल्या लोकांनी केले, दयेच्या धर्माने केले, हे पचविता न आल्याने ती दयामरणाच्या गृहात जाऊन स्वतःचे आयुष्य संपविते. धर्मगुरू असलेल्या लेखकाने आपल्या विरोधी पक्षातील या स्त्रीला सबंध कादंबरीतील सर्वांत प्रामाणिक मन दिले आहे, आणि कटाचा प्रारंभ आपल्याच पक्षाकडून झाल्याचेही लपविलेले नाही. हेतूपलीकडचे म्हणतात ते हे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली प्रवचनात आणि २०१५ साली मनिलाहून परतताना पत्रकारांशी बोलताना या कादंबरीचा मुद्दाम उल्लेख केला होता. शतकापूर्वीचे हे विस्मृत पुस्तक त्यामुळे पुन्हा वाचले जाऊ लागले. आमच्याही हाती ते त्यानंतरच आले.

परंतु वाचीत असता एक शंका सतत मनात येत राहिली. देव मानतोस काय असे विचारून उत्तराप्रमाणे शिक्षा देणारे राज्य बेन्सन यांना भविष्यात दिसले. आमच्या भागातील माणसाला ते भूतकाळात दिसते. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायसभेची, स्थापना झाली. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता ती १८१२ पर्यंत चालू होती. अडीचशे वर्षे माणसांच्या मनात काय आहे याची चौकशी करणारे ते एक कार्यालय होते, आणि ज्या चर्चचा अखेरचा बळी बेन्सन नाझरेथला दाखवितात त्याच चर्चचे ते होते.

इन्क्विझिशनच्या तुरुंगात राहून आलेल्या शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने आपली हकीकत १६८७ साली प्रसिद्ध केली. पुढे प्रियोळचे सुपुत्र आणि १९५१ च्या कारवार येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अ. का. प्रियोळकर यांनी ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा ग्रंथ १९६१ मध्ये सिद्ध केला. ही पुस्तके वाचताना अंगावर काटा आणणारी गोष्ट यातनागृहांपेक्षाही बारीकसारीक नियमांची आहे. १७३६ चा जाहीरनामा पाहावा. ख्रिस्ती झालेल्यांनी दारात तुळस लावू नये, हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये, अशा गोष्टी त्यात आहेत. आम्ही आयुष्यभर सरकारी परिपत्रके वाचली आणि काही लिहिलीही. म्हणून आम्हांस हे चटकन उमगते की, भातात मीठ घातले की नाही हे ज्या दिवशी परिपत्रकाचा विषय होते, त्या दिवशी राज्य माणसाच्या चुलीपर्यंत आलेले असते. झाम्यातिनच्या कादंबरीत घरांच्या भिंती काचेच्या आहेत. आपल्याकडे भिंती मातीच्या होत्या, तरी आतले दिसावे अशी व्यवस्था होती.

तत्पूर्वीच मूर्ती आणि माणसे घरे सोडून निघाली होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. कितीतरी कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलखात गेली, कितीतरी घाट चढून वर आली. आमच्या बेळगाव-खानापूर भागात अशी घरे आहेत की ज्यांचे कुलदैवत अजून घाटाखाली आहे. दुःस्वप्नलोकातून पळून आलेल्यांच्या वंशजांच्या शेजारीच आम्ही राहत आलो.

आता सन १९०७ च्या दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात जन्मले. त्यांच्या तारुण्यात इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य होते, आणि तेथे कॅथलिक असणे हेच संशयास्पद होते. एडमंड कँपियन या जेझुइटास १५८१ मध्ये लंडनला फाशी दिले गेले; १५८५ च्या कायद्याने जेझुइट पाद्र्याने इंग्लंडात असणे हाच राजद्रोह ठरला. स्टीफन्स आधीच देश सोडून रोमला गेले होते. तेथे ते जेझुइट झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. म्हणजे स्वदेशात ज्या श्रद्धेसाठी मरण ओढवले असते, तीच श्रद्धा घेऊन ते अशा भूमीत आले की जेथे ती श्रद्धा नसणे धोक्याचे होते. एकाच माणसाच्या आयुष्यात एवढे स्थलांतर घडले. श्रद्धा तीच होती. बदलले होते ते तिचे सत्तेशी असलेले नाते.

साष्टीत कुंकळ्ळी गावी १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले. देवळे पाडल्याचा राग गावकऱ्यांच्या मनात धुमसत होता. नंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून चौकशीविना ठार करण्यात आले. मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे देह ताब्यात घेण्यासाठी स्टीफन्स गेले होते. कादंबरीतील कट आणि त्याचा सूड वाचताना आम्हांस कुंकळ्ळीची आठवण झाली, ती यासाठी. हिंसेचा आरंभ कोणी केला हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच गुंतागुंतीचा आहे, आणि सत्ताधाऱ्यांचा सूड मूळ अपराधाच्या कितीतरी पटींनी मोठा, हेही दोन्हीकडे सारखेच आहे.

या स्टीफन्स यांनी पुढे तेथेच सुमारे चाळीस वर्षे काढली, कोकणीचे व्याकरण रचले आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापवून घेतले. देवनागरीचे ठसे नसल्याने ते रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना आपली जुनी पुराणे आठवत होती. ती काढून घेतल्यावर त्यांच्या कानांना काही तरी दिले पाहिजे, ही निकड त्यामागे होती. हेतू धर्मप्रचाराचाच. तरीही त्या पुस्तकात मराठी भाषेविषयीचा जो लोभ आहे तो हेतूच्या पलीकडचा आहे. मेबलविषयी आम्ही जे म्हटले तेच येथे म्हणता येईल.

स्टीफन्स १६१९ मध्ये निवर्तले. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, २७ जून १६८४ रोजी, गोव्याचा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने फर्मान काढले की स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या चर्चच्या एका पाद्र्याने येथील भाषेत पुराण रचले, त्याच चर्चमधील दुसऱ्या संघाच्या पाद्र्यांचा या फर्मानास पाठिंबा होता. ऑर्वेल यांच्या कादंबरीत राज्यकर्ते शब्दांची संख्या कमी करीत नेतात, म्हणजे निषिद्ध विचार करण्यास शब्दच उरू नयेत. बेन्सन यांच्या जगात एक कृत्रिम भाषा सर्वांना जोडते. परंतु तीन वर्षांची मुदत देऊन माणसांना त्यांची बोली टाकावयास सांगणे कादंबरीकारांच्या आधी अडीच शतके एका सरकारी फर्मानाने करून दाखविले होते. ते फर्मान फसले, हे आपले भाग्य. स्वयंपाकघरातील आणि शेतातील बोली फर्मानाने जात नाही.

हे सर्व बेन्सन यांना ठाऊक नसेल असे मानावयास नको. ते विद्वान होते. इन्क्विझिशनचा इतिहास त्यांना परका नव्हता. दोस्तयेवस्कीने ‘करमाझव बंधू’ (१८७९–८०) मध्ये सोळाव्या शतकातील सेव्हिल शहरी पुन्हा अवतरलेल्या ख्रिस्तालाच तुरुंगात टाकणारा महान धर्मन्यायाधीश रंगविला होता, तोही युरोपभर गाजला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेन्सन यांनी स्वतःच दुसरी बाजू लिहिली. ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ वाचून अनेक भाविक खचले, अशी तक्रार झाल्यावर त्यांनी १९११ मध्ये ‘द डॉन ऑफ ऑल’ ही उलट कादंबरी प्रसिद्ध केली. तीत एक धर्मगुरू १९७३ सालच्या जगात जागा होतो. तेथे जवळजवळ सारे जग कॅथलिक झालेले आहे. लेखकाच्या दृष्टीने हा आदर्शलोक आहे. आणि त्या आदर्शलोकात डॉम एड्रियन नावाच्या एका सज्जन, विद्वान संन्याशावर पाखंडाचा आरोप येतो, धर्मसभा त्यास दोषी ठरविते, त्याला राजसत्तेच्या हवाली केले जाते आणि त्याचा वध होतो.

हे प्रकरण वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले. धर्मसभेने निर्णय द्यावयाचा आणि शिक्षा मात्र राजसत्तेने अंमलात आणावयाची, ही गोव्यातील इन्क्विझिशनचीच कार्यपद्धती. कोणाही एका अधिकाऱ्याच्या हाताला रक्त लागू नये अशी ती रचना. दफ्तरी भाषेत सांगावयाचे तर, एकाने शेरा मारावयाचा आणि दुसऱ्याने अंमलबजावणी करावयाची. दोघेही रात्री शांत झोपतात. कादंबरीतील नायक या वधाने हादरतो, आणि लेखक त्याचे हादरणे दडवीत नाही. परंतु शेवटी त्याची समजूत घातली जाते. आमची काही समजूत पटली नाही. पहिल्या कादंबरीत मेबलची समजूत कोणी घालू शकले नव्हते. धर्मगुरू बेन्सन यांनी दुसऱ्या पुस्तकात जे मान्य केले, ते कादंबरीकार बेन्सन यांनी पहिल्यात मान्य केले नव्हते, असे आम्हांस वाटते.

आता निधर्मी विचारसरणीची बाजू. ‘द डॉन ऑफ ऑल’ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्याने जेझुइटांना देशाबाहेर घालविले, मठ बंद केले आणि २० एप्रिल १९११ च्या कायद्याने चर्चला राज्यापासून तोडले. लिस्बनच्या भाविक कॅथलिक माणसाला बेन्सनची पहिली कादंबरी खरी होऊ लागल्याचा भास झाला असल्यास नवल नाही. पण त्याच घटनेने गोव्यातील हिंदूला काय दिले? कायद्यापुढे धर्मांची समानता दिली. सरकारी नोकरीची आणि शिक्षणाची दारे उघडली. शेकडो वर्षांनंतर प्रथमच तो आपल्या भूमीत ताठ मानेने नागरिक म्हणून उभा राहिला, मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके काढू लागला. एकाचा दुःस्वप्नलोक म्हणजे दुसऱ्याची पहाट, असे एकाच सालात, एकाच राज्यात घडले.

या पहाटेचे मोठे प्रवक्ते होते चांदरचे लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८). कॅथलिक घराण्यात जन्मलेले हे बुद्धिवादी पत्रकार हिंदूंच्या समान हक्कांसाठी लिहीत राहिले. त्यांची आठवण झाली की आम्हांस आपले आगरकर आठवतात. ईश्वर आणि परलोक यांचा आधार न घेता नीतीचा विचार मांडणाऱ्या आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली होती. बेन्सन यांना बुद्धिवाद सिंहासनावर बसलेला दिसला. आपल्याकडे तो बराच काळ एकाकी माणसाच्या घरात, उपहास सोशीत राहिला. म्हणून एकाच विचाराचे युरोपातील आणि आपल्याकडील मोल वेगळे धरावे लागते.

पण तेही चित्र टिकले नाही. १९२६ मध्ये पोर्तुगालात लष्करी सत्ता आली आणि तिच्यातून सालाझार यांची हुकूमशाही उभी राहिली. ‘ॲक्तो कोलोनियाल’ या वसाहतविषयक कायद्याविरुद्ध ब्रागांझांनी १९३० मध्ये गोव्याच्या सरकारी कौन्सिलात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. पुढे त्यांचे ‘प्राकाश’ पत्र बंद पडले. सालाझार यांनी १९४० मध्ये पोपशी करार करून चर्चला पुन्हा जवळ घेतले. गोव्यात छापील अक्षरावर इतका पहारा बसला की लग्नपत्रिकासुद्धा आधी तपासून घ्यावी लागे. धर्मसत्ता, निधर्मी प्रजासत्ताक आणि धर्माला हाताशी धरणारी हुकूमशाही, हे तिन्ही प्रकार आपल्या शेजारच्या एवढ्याशा भूमीने पाहिले. असे उदाहरण फार थोड्या ठिकाणी सापडेल.

त्या शेवटच्या काळोखात जो आवाज घुमला तो आमच्याच बाजूच्या रानातून. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालू झाले. ते चालविणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांत लिबिया लोबो या कॅथलिक आणि वामन सरदेसाई हे हिंदू होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ते चालले. ऑर्वेल यांच्या नायकाला ज्या गुप्त सोबत्यांचा शोध होता आणि जे त्याला कधीच भेटले नाहीत, ते सोबती येथे खरोखर होते. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट समान श्रद्धा नव्हती, समान अश्रद्धाही नव्हती. कोणाच्या मनाची झडती घेण्याचा अधिकार राज्याला नाही, एवढीच त्यांची सामाईक भूमी होती.

येथे आमच्या स्वतःच्या एका गोष्टीची नोंद केल्यावाचून लेख संपविणे अप्रामाणिक ठरेल. सेवेत असताना एका सर्वेक्षणाच्या कामी आम्ही खानापूर भागातील एका खेड्यात गेलो होतो. एका वृद्ध कॅथलिक बाईंना मातृभाषा विचारली. त्या म्हणाल्या, “घरात कोकणी बोलतो साहेब, प्रार्थना मराठीत करतो, बाजारात कन्नड. ह्यातली तुम्हांला कुठली पाहिजे?” तक्त्यात रकाना एकच होता. सायंकाळ होत आली होती, पुढे अजून दहा घरे होती. आम्ही आमच्या मनाने एक भाषा लिहिली आणि अंगठा घेतला. कोणती लिहिली हे सांगण्यात आता अर्थ नाही. आम्ही त्या वेळी ती आमच्या बाजूची लिहिली, हे पुरेसे आहे.

ही गोष्ट क्षुल्लक आहे. त्यात कोणाचा जीव गेला नाही. तरी बेन्सन यांची पुस्तके वाचताना तो रकाना आमच्या डोळ्यांपुढून हलेना. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आमच्या निपाणी-बेळगावच्या माणसाला कोणत्या बाजूचा, हे सतत विचारले गेले आहे. आमची मराठीवरील निष्ठा उणी नाही, आणि तिच्या न्याय्य हक्कांविषयीचा आमचा आग्रह आजही तसाच आहे. परंतु आग्रह वेगळा आणि झडती वेगळी. आपल्या भाषेत बोलू द्या, हा आग्रह. तू कोणत्या भाषेत प्रार्थना करतोस ते सांग, म्हणजे तू आमचा की परका ते ठरवू, ही झडती. एकातून दुसऱ्याकडे माणूस केव्हा सरकतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. मेबलला कळले, पण फार उशिरा.

बेन्सन यांच्या दोन कादंबऱ्या म्हणून एकत्र वाचाव्यात, आणि शक्य तर त्यांच्या मध्ये ‘क्रिस्तपुराण’ ठेवावे, असे आम्ही सुचवितो. पहिली कादंबरी सांगते की देव नाकारणारे राज्यही देवासारखी पूजा मागू शकते. दुसरी, लेखकाची इच्छा नसतानाही, सांगते की देव मानणारे राज्य माणसाचा बळी घेऊन शांत झोपू शकते. आणि मधले पुस्तक सांगते की, ज्याला येथे केवळ उपदेश करावयाचा होता असा परका माणूसदेखील येथील भाषा कान देऊन ऐकू लागला, तेव्हा त्याच्या हातून काही टिकाऊ घडले. त्या खेड्यातील बाईंचे बोलणे आम्ही त्या सायंकाळी तसे ऐकून घ्यावयास हवे होते. रकान्यात तिन्ही भाषा बारीक अक्षरांत मावल्या असत्या.